कावळ्याचें डोकें



गुडघे धरले म्हणजे मनुष्य कोणतेंही मूळ उगाळून लावावयास तयार होतो, हें माझ्या वयाच्या मंडळींस सांगावयास नको. चीन देशांतील असेंच एक मूळ आज आपणांपुढें ठेवणार आहें. आपल्याकडे ज्यास बचनाग म्हणतात त्याच वर्गांतील तें झाड. मुख्य कंद काळा व टोकदार, म्हणून त्यास ‘वू-थौ’, म्हणजे कावळ्याचें डोकें, असें नांव पडलें. त्याच्या बगलेस जो लहान कंद धरतो तो ‘फू-त्झ’. सेचुआन प्रांतांत च्यांग-यौ हें गांव त्याच्या लागवडीसाठीं प्रसिद्ध आहे.

या मुळानें इ. स. पूर्वीं ७१ सालीं एका राणीचा बळी घेतला. हान वंशांतील सम्राट श्वान याची राणी श्यू नुकतीच बाळंत झाली होती. प्रबळ मंत्री हुओ क्वांग याच्या पत्नीस आपली मुलगी त्या आसनावर बसवावयाची होती. तिनें राणीच्या शुश्रूषेंतील छुन-यू येन या वैद्यिणीस गांठलें. वैद्यिणीच्या नवऱ्यास बढती हवीच होती. फू-त्झची पूड करून वैद्यिणीनें ती राजवैद्यांच्या गोळींत मिसळली. थोड्या वेळानें राणीनें विचारलें कीं, डोकें जड झालें आहे, औषधांत विष तर नाहीं ना? नाहीं, असें उत्तर मिळालें. राणी गेली. मंत्र्यानें चौकशी दडपली, आणि पुढल्याच वर्षीं त्याची मुलगी राणी झाली! त्या घराण्याचा निःपात व्हावयास इ. स. पूर्वीं ६६ साल उजाडावें लागलें.

मग असलें मूळ वैद्यांनीं टाकून कां दिलें नाहीं? इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंग-चिंग या थोर वैद्यानें, सांधे दुखून हातपाय वळेनासे झालेल्या रोग्यांसाठीं हेंच वू-थौ सांगितलें. मात्र आधीं मधांत उकळून. सारें मर्म या शिजविण्यांत आहे. मुळांतील ॲकोनिटीन हें विष पुष्कळ वेळ उकळल्यानें फुटतें व बरेंच सौम्य होतें. दारूंत मात्र तें तसेंच उतरतें, आणि सांधेदुखीवर मुळें दारूंत भिजवून पिण्याची चाल चिनी लोकांत जुनी आहे. घाईनें केलेला काढाही तितकाच घातक. हाँगकाँगच्या डॉक्टरांनीं अशा रोग्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या: प्रथम ओठ व हातपाय बधिर, मग हृदयाचे ठोके चुकूं लागलेले, कांहीं दगावले.

चीनच्या सरकारी औषधिसंहितेनें वू-थौ चार ते सहा तास उकळावें असें सांगितलें आहे. मग मोठासा कंद चिरून आंत पांढरा गाभा राहिला नाहीं ना हें पाहावयाचें, आणि तो जिभेस लावावयाचा. जीभ किंचितच बधिरली, म्हणजे मूळ शिजलें.