पुढाऱ्यांचा विनोद आणि लग्नाच्या मुलींची निवड

राजकीय पुढाऱ्याने भर सभेत बायकांच्या रूपाविषयी, कोणाला कशी मुलगी ‘पटते’ याविषयी विनोद करावेत काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा सभ्यतेच्या अंगाने दिले जाते. विनोद अश्लील होता की नव्हता, पुढाऱ्याने माफी मागितली की ‘विपर्यास झाला’ असे म्हटले, एवढ्यावर चार दिवस चर्चा होते आणि प्रकरण मिटते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. अशा विनोदाचा मोठा दोष त्याच्या असभ्यतेत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे पुढाऱ्याचे काम आहे, त्या प्रश्नाच्या उत्तराऐवजी तो येतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

हे म्हणणे तपासून पाहायला चाकूरसारखे ठिकाण बरे पडते. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. आसपासची शेती मुख्यतः पावसावरची, सोयाबीन आणि तुरीची. संयमी भाषेसाठी ओळखले गेलेले शिवराज पाटील चाकूरकर इथलेच. आणि शेतकऱ्याच्या मुलाचे लग्न हा इथल्या घराघरातला आजचा अवघड प्रश्न. पुढाऱ्याची भाषा आणि लग्नाचा प्रश्न या दोहोंचा संबंध कसा येतो, ते पाहण्यासाठी आधी अलीकडच्या काही घटना डोळ्यांपुढे ठेवू.

नोव्हेंबर २०१७ मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा येथे साखर कारखान्याच्या कार्यक्रमात, दारूचा खप वाढवायचा तर तिला बायकांची नावे द्या, असा सल्ला दिला. पुढे दिलगिरी व्यक्त केली. सप्टेंबर २०१८ मध्ये घाटकोपरच्या दहीहंडीत आमदार राम कदम यांनी तरुणांना सांगितले की, मुलगी नकार देत असेल आणि तुमच्या आईवडिलांना ती पसंत असेल, तर तिला पळवून आणायला मी मदत करीन. त्यांनीही नंतर माफी मागितली. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन आदिवासी विकासमंत्री विजयकुमार गावित यांनी धुळे जिल्ह्यात मच्छीमारांना साहित्यवाटप करताना ऐश्वर्या राय यांच्या डोळ्यांचा दाखला देऊन मासे खाण्याचे फायदे सांगितले. मासे खाणाऱ्याला कोणीही पटेल, असा त्या बोलण्याचा रोख होता.

या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मात्र ऑक्टोबर २०२४ मधली आहे. अमरावती जिल्ह्यातील वरूड भागातल्या एका सभेत आमदार देवेंद्र भुयार यांनी लग्नाच्या मुलींची प्रतवारीच लावून दाखवली. एक नंबरची देखणी मुलगी नोकरीवाल्याकडे जाते, दोन नंबरची पानठेला किंवा किराणा दुकान असलेल्याकडे आणि उरलेली तीन नंबरची शेतकऱ्याच्या पोराच्या वाट्याला येते, असा त्याचा आशय. त्यांची मुलेही मग तशीच निपजतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. भुयार हे शेतकरी चळवळीतून वर आलेले. २०१९ मध्ये ते स्वाभिमानी पक्षाच्या वतीने निवडून आले होते आणि त्यांनी एका विद्यमान मंत्र्याचा पराभव केला होता. शेतकऱ्याचे दुःखच आपण मांडले, अशी बाजू अशा वेळी मांडता येते, आणि ती पूर्णपणे खोटीही नसते. म्हणूनच हे उदाहरण बाकीच्या तिन्हींपेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे.

अशा बोलण्याचा बचाव करताना ‘ही आमची रांगडी, गावाकडची भाषा आहे’ असे म्हटले जाते. साहित्याच्या अभ्यासकाने हा बचाव गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. मराठवाड्याच्या मातीला शृंगारविनोदाचे वावडे कधीच नव्हते. पैठणच्या सातवाहन हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह उघड शृंगाराचा आहे. त्यात चोरट्या भेटी आहेत, सूचक बोलणी आहेत, नवऱ्याची थट्टा आहे. पण त्यातल्या कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत. निवड करणारी, नकार देणारी, हसणारी तीच आहे. तेव्हा आक्षेप शृंगाराला नाही.

दुसरा दाखला तमाशाचा दिला जातो. गवळणीतली मावशी, बतावणीतला सोंगाड्या यांच्या द्व्यर्थी बोलण्यावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या हसला. पण सोंगाड्याला ही मोकळीक कशाच्या बदल्यात मिळे, हे विसरून चालत नाही. तो स्वतः मूर्ख ठरायला तयार असे आणि त्याच्या थट्टेचा शेवटचा मानकरी पाटील, प्रधान किंवा राजा असे. १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात हीच रीत आधुनिक राज्यकर्त्यांकडे वळली आणि दादा कोंडके यांच्या तोंडून प्रेक्षकांनी सत्तेची खिल्ली ऐकली. तमाशाही निर्दोष नव्हता. त्यातल्या कलावंत स्त्रियांनी, ज्या बहुतेक दलित आणि भटक्या जातींतल्या होत्या, या हशाची किंमत आपल्या प्रतिष्ठेने मोजली. तरीही सोंगाड्याच्या हाती सत्ता नव्हती. आमदार-मंत्री जेव्हा सोंगाड्याची भाषा उचलतो, तेव्हा तो भाषा तेवढी घेतो, सोंगाड्याची जागा घेत नाही. थट्टा वरच्याची व्हायची ती खालच्याची होऊ लागते.

ही गोष्ट मराठीत फार पूर्वी एका बाईने ओळखली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तिला निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याचे आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून झालेल्या एकूण स्त्रीजातीच्या निंदेचे. ताराबाईंनी बचाव केला नाही, उलटतपासणी केली. जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असे त्यांनी विचारले, आणि ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’ यांसारख्या तेव्हाच्या लोकप्रिय पुस्तकांतल्या स्त्रीचित्रणाचाही समाचार घेतला. बाईविषयी बोलणारा पुरुष स्वतःविषयी काय लपवतो, हे शोधण्याची ही पद्धत आजच्या सभेतल्या विनोदालाही लावून पाहता येते.

मुलींची प्रतवारी लावणारा विनोद काय लपवतो? त्यासाठी पुन्हा चाकूरच्या शिवारात यावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता, आणि त्या पावसाळ्यानंतर लातूरच्या बाजारात माल आणणाऱ्या असंख्य शेतकऱ्यांना त्याहून कमी दर घ्यावा लागला. याच लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. याच जिल्ह्यात २०१७ मध्ये एका शेतकऱ्याच्या मुलीने, बापाला आपल्या लग्नाचा आणि हुंड्याचा खर्च झेपणार नाही म्हणून जीव दिला. अशा घरांत वाढलेली मुलगी, ‘शेती करणारा नवरा नको’ म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्यात चोखंदळपणा शोधणे ही क्रूर थट्टा आहे. आईचे आयुष्य तिने जवळून पाहिलेले असते. तिचा नकार हा एखाद्या तरुणाला दिलेला नसून शेतीच्या अर्थव्यवस्थेला दिलेला असतो. मुली आणि त्यांच्या आया मिळून शेतीधोरणावर मत नोंदवीत आहेत, आणि हे मत कोणत्याही निवडणुकीच्या निकालाइतकेच स्पष्ट आहे.

या मताची दुसरी बाजू डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात रस्त्यावर आली. लग्नाळू तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि आम्हाला मुलगी मिळवून द्या, अशी मागणी केली. पाहणारे हसले असतील. पण मोर्चेकऱ्यांनी स्वतःचीच थट्टा करून घेतली होती आणि तिचे टोक सरकारकडे होते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा, हीही मागणी त्यांच्या निवेदनात होती. सोंगाड्याची जुनी रीत इथे अधिक शुद्ध स्वरूपात दिसते.

त्या मागणीमागे आकडे आहेत. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती. २००१ मध्ये मोजली गेलेली ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. तेव्हा, ‘चांगल्या मुली नोकरीवाले घेऊन जातात’ असे म्हणणाऱ्याने मुली मुळात कमी कोणी केल्या, हाही प्रश्न विचारायला हवा. तो विचारला तर सभेत हशा पिकणार नाही. समोर बसलेल्या बापांना आणि व्यासपीठावर बसलेल्यांनाही माना खाली घालाव्या लागतील. विनोदाने नेमकी हीच अडचण टळते.

हा दोष केवळ आपल्या मुलखाचा नाही. इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये, एका अल्पवयीन मुलीशी संबंधित प्रकरणावरून टीका होत असता, समलिंगी असण्यापेक्षा सुंदर मुलींचा षौक बरा, असा विनोद करून प्रश्नच उडवून लावला. मार्च २०१५ मध्ये राज्यसभेत विम्याच्या विधेयकावर चर्चा चालू असताना शरद यादव दक्षिणेतल्या स्त्रियांच्या वर्णाविषयी आणि देहाविषयी बोलू लागले, आणि सभागृहात काही सदस्य हसले. एका प्रसंगी आरोपाला उत्तर द्यायचे होते, दुसऱ्या प्रसंगी विधेयकावर बोलायचे होते. दोन्हीकडे विषयाची जागा बाईने भरून काढली.

मग उपाय सभ्य भाषेचा काय? इथे चाकूरचे दुसरे उदाहरण तपासायला हवे. शिवराज पाटील चाकूरकर १९३५ मध्ये चाकुरात जन्मले आणि डिसेंबर २०२५ मध्ये लातुरात निवर्तले. १९९१ ते १९९६ या काळात ते लोकसभेचे अध्यक्ष होते. खात्यांनुसार स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत रुजली. आरडाओरड्याच्या सभागृहापेक्षा समितीच्या खोलीत विधेयकांचा आणि खर्चाचा कस लागावा, ही तिच्यामागची कल्पना. त्यांच्या मोजूनमापून बोलण्याची आणि नीटनेटक्या पोशाखाची पुष्कळ टिंगलही झाली; २००८ च्या दिल्ली बाँबस्फोटांनंतर गृहमंत्री म्हणून त्यांना ती फार झोंबेल अशी सोसावी लागली. अध्यक्षाला सभागृहातले असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकता येतात. सभेच्या मैदानात असा अध्यक्ष नसतो. तिथे पुढाऱ्याचा स्वतःचा विवेक आणि श्रोत्यांचे हसणे वा न हसणे, एवढीच नियंत्रणे असतात.

पण सभ्यता पुरेशी नाही, हेही मान्य केले पाहिजे. सभ्य भाषेच्या त्या दशकांतही मराठवाड्यातली विहीर कोरडी पडत होती आणि गर्भलिंगनिदानाची यंत्रे गावोगाव पोचत होती. सभ्य भाषणातूनही प्रश्न टाळता येतो. फरक इतकाच, की सभ्य भाषणानंतर तो प्रश्न पुन्हा विचारता येतो. हशा पिकल्यावर विचारणाराच विनोदबुद्धी नसलेला ठरतो, आणि ती विचारणारी बाई असेल तर अधिकच.

म्हणून पुढाऱ्याने विनोद करू नये, असे या लेखाचे म्हणणे नाही. विलासराव देशमुखांच्या मिस्कील भाषणांनी लातूरकरांना मनमुराद हसवले आहे, आणि विरोधकाला काढलेला चिमटा हा लोकशाहीचा अलंकारच आहे. कसोटी साधी आहे. ज्याची थट्टा झाली त्याला त्याच व्यासपीठावर उठून तितक्याच जोराने उत्तर देता येईल काय? प्रतिस्पर्ध्याला येते. सोयाबीनच्या रानात खुरपणाऱ्या बाईच्या, लग्नाला आलेल्या मुलीला येत नाही. २०११ पासून महाराष्ट्रातल्या पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे अशा सभांच्या व्यासपीठावर आता बायका बसलेल्या असतात. त्यांपैकी एखादीने मध्येच उठून, ‘साहेब, मुलींचे नंबर राहू द्या, हमीभावाचे बोला’ असे म्हटले, तर या विषयावर लेख लिहिण्याची गरज उरणार नाही.