घर घेताय? आधी मालकी कसली आहे ते बघा

जुन्नर/घोडेगाव : नारायणगाव, आळेफाटा, मंचर भागात घर घेताना लोक भाव विचारतात, रस्ता बघतात, पाणी बघतात. मालकी कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र बयाणा दिल्यावर बघायला जातात.

गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी सातबारा नसतो. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवतो. तो घरपट्टीसाठी असतो, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद आणि मिळकत पत्रिका मागा. आणि नोटरी करून घेतलेलं घर म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपये किंवा त्यावरच्या मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

गावठाणाबाहेर सातबारा बघा, त्यातही भोगवटादार वर्ग. वर्ग 1 असेल तर मालकाला सहसा विकता येतं. वर्ग 2 म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. धरणग्रस्तांना वाटप झालेल्या जमिनींवर बहुधा अशी अट असते, आणि डिंभे, माणिकडोहमुळे उठलेली कुटुंबं आपल्याकडे कमी नाहीत. पश्चिम पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "आपण बघून घेऊ" म्हणणाऱ्या एजंटच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती सामाईक मालकीत. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, सही एकाच भावाची. तो फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला असा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला त्या घरात बाकीच्यांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात. बहिणींचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून हक्क नाही, असंही समजू नका. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. बहिणीने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, तोंडी "ताई काही म्हणत नाही" चालत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांनी खालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारावं. सोसायटी झाली असेल, पण बिल्डरने अभिहस्तांतरण केलं नसेल, तर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असते.

घर नवरा-बायकोच्या नावे घेतलं आणि एक जण गेला, तर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याचा होत नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नाहीतर सगळ्या वारसांना जातो. म्हणून खरेदीखतात कोणाचा किती हिस्सा ते लिहूनच घ्या.

डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपयांत निघतो. त्यातला 'इतर हक्क' रकाना आणि जुने फेरफार वाचायला तलाठी भाऊसाहेबांना किंवा ओळखीच्या वकिलाला बरोबर घ्या, आणि हे बयाणा द्यायच्या आधी.