दोन थर, थोडीशी घसरण आणि बदललेलं चुंबकत्व: क्रोमियम ट्रायआयोडाइडची गोष्ट

लोहचुंबकाचे दोन तुकडे केले तर दोन्ही तुकडे चुंबकच राहतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण कापत कापत अणूंचा एकच पापुद्रा उरला तर? १९६६ साली मर्मिन आणि वॅग्नर यांनी गणिताने दाखवलं की अशा सपाट पदार्थात अणूंच्या इवल्या चुंबकांना कुठल्याही दिशेला सारख्याच सहजतेने वळता येत असेल, तर निरपेक्ष शून्याच्या वर जराही उष्णता असली की त्यांची शिस्त मोडते. त्यामुळे एका थराचा चुंबक मिळेल की नाही, यावर बरीच वर्षं शंका होती.

खरी गंमत त्या ‘तर’मध्ये आहे. समजा पदार्थानेच या इवल्या चुंबकांवर अट घातली: फक्त वर किंवा खाली, आडवं वळायचं नाही. मग तो नियम लागूच होत नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइड हा अर्धवाहक नेमकं हेच करतो. यात क्रोमियमचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनात बसतात आणि त्यांच्या वर-खाली आयोडीनचे अणू असतात. आयोडीन जड मूलद्रव्य आहे, आणि दिशेची ती अट मुख्यतः त्याच्यामुळे येते. थरांमधली पकड मात्र ढिली असते. म्हणून ग्राफीनसारखंच इथेही चिकटपट्टी लावून थर सोलता येतात.

२०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी असा एक थर सोलला, त्यावर ध्रुवीकृत प्रकाश टाकला आणि परत येणाऱ्या प्रकाशाची दिशा किती फिरते ते मोजलं. थर चुंबक निघाला! फक्त ४५ केल्विनच्या खाली, म्हणजे सुमारे उणे २२८ अंश सेल्सिअसला.

दोन थरांचं कोडं

आता दोन थर घ्या. चुंबकत्व दुप्पट होईल असं वाटतं ना? प्रत्यक्षात ते जवळजवळ नाहीसं झालं. वरच्या थराची दिशा वर, खालच्याची खाली, बेरीज शून्य. तीन थर घेतले की चुंबकत्व परत दिसतं, कारण एकाला जोडीदार उरत नाही. पण याच पदार्थाचा जाड स्फटिक घेतला तर त्यात सगळे थर एकाच दिशेला, आणि तेही ६१ केल्विनपर्यंत. पदार्थ तोच, मग शेजारी थर कुठे जुळवून घेतात आणि कुठे भांडतात, असं का?

उत्तर मिळालं ते अवस्थाबदलात. अवस्थाबदल म्हटलं की पाण्याचा बर्फ आठवतो, पण घन पदार्थ घनच राहून आतली मांडणी बदलतो तोही अवस्थाबदलच. जाड स्फटिक थंड करत नेला की साधारण २१० केल्विनच्या आसपास त्याचे थर एकमेकांवरून किंचित घसरतात आणि नव्या रचनेत बसतात. पातळ नमुन्यांत ही घसरण होत नाही. ते थंड होऊनही खोलीच्या तापमानाची जुनीच मांडणी घेऊन बसतात.

एवढ्याशा घसरणीने इतका फरक का पडावा? अंड्यांचे दोन पुठ्ठ्याचे ट्रे एकावर एक ठेवून पाहा. वरचा ट्रे जरासा सरकवला की कुठला उंचवटा कुठल्या खड्ड्यासमोर येतो ते बदलतं. इथे दोन थरांतले क्रोमियम एकमेकांशी आयोडीनमार्फत ‘बोलतात’. थर सरकला की कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या रिकाम्या जागेकडे जाऊ शकतो ते बदलतं. थंडीतल्या रचनेत एका दिशेला राहणं ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं, जुन्या रचनेत उलट दिशेला.

हे आधी गणनेतून सुचलं होतं. २०१९ मध्ये दोन गटांनी ते करून दाखवलं. दोन थरांच्या नमुन्यावर त्यांनी साधारण दोन गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळपास वीस हजार पट दाब दिला. थर घसरले, भांडण मिटलं, दोन्ही एका दिशेला झाले. दाब काढल्यावरही ते तसेच राहिले. त्याच वर्षी बाझल विद्यापीठाच्या गटाला दिसलं की चुंबकत्व मोजणाऱ्या हिऱ्याच्या टोकानेही असा बदल एका जागी घडवता येतो. मला यातला सर्वांत सुंदर प्रयोग २०२१ चा वाटतो. थर एकमेकांवर अगदी थोडे पिळून ठेवले की काही जागी एक रचना येते, शेजारी दुसरी, आणि एकाच पापुद्र्यात दोन्ही प्रकारच्या चुंबकत्वाचे ठिपके उमटतात.

फोनशी काय संबंध?

फोनमधली फ्लॅश मेमरी माहिती विद्युतभाराच्या रूपात ठेवते. चुंबकीय मेमरीत तीच माहिती दिशेच्या रूपात असते, पण दिशा उलटवायला वीज खर्च होते. म्हणून थरांमधलं नातं बदलून दिशा बदलण्याची कल्पना आकर्षक आहे. २०१८ मध्ये योग्य चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या दोन थरांची अवस्था नुसत्या व्होल्टेजने बदलून दाखवली गेली. त्याच वर्षी, थर उलट आहेत की एका दिशेला यावरून त्यांच्या आरपार जाणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध १९,००० टक्क्यांपर्यंत बदलतो, हेही नोंदलं गेलं. म्हणजे शून्य की एक, हे वाचणं सोपं.

तरी ‘पुढच्या फोनमध्ये येणार’ छाप मथळ्यांवर विश्वास ठेवू नका. उणे २२८ अंश कुठल्याच खिशात मिळत नाहीत, आणि हा पदार्थ दमट हवेत लवकर खराब होतो. त्याला बंद पेटीत हाताळून दुसऱ्या पदार्थाच्या थरांत गुंडाळावं लागतं.

म्हणून आता बरंच लक्ष क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइडकडे आहे. तोही थरांचा अर्धवाहक आहे, हवेत टिकतो आणि १३२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १४१ अंशांपर्यंत चुंबकीय शिस्त राखतो. २०२२ मध्ये त्याला नुसतं ताणून शेजारी थर उलट दिशेवरून एका दिशेला आणले गेले. ताण सोडला की ते पुन्हा उलट. दाबलेल्या क्रोमियम ट्रायआयोडाइडला हे परत फिरणं जमलं नव्हतं.