कायदा दिल्लीत, दार जिल्ह्यात
१/ स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचे कायदे संसदेत होतात. नांदेडमधील किनवटच्या किंवा लातूरमधील देवणीच्या स्त्रीला मात्र ते भेटतात एखादा अधिकारी किंवा रात्रीपुरते छप्पर या रूपात. कायदा आणि हे छप्पर यांत तीसहून अधिक वर्षे गेली. त्या अंतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ शेजारच्या विदर्भात झाला. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची सुटका केली. अंगावर जखमा नसणे हा संमतीचा पुरावा मानला गेला.

३/ १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले. परिणामी १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात ‘संमती नव्हती’ हा स्त्रीचा शब्द न्यायालयाने गृहीत धरावा, असे ठरले.

४/ त्याच वर्षअखेरीस कलम ४९८-अ आले आणि सासरचा छळ स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झालेला लातूर जिल्हा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. या कलमात शिक्षा होती. परंतु तक्रार नोंदवल्यावर त्या रात्री मुलांसह कोठे जावे, याचे उत्तर नव्हते. माहेरने दार उघडले तरच निवारा.

५/ ते उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिले: राहत्या घराचा हक्क, संरक्षण आदेश, निर्वाहखर्च, संरक्षण अधिकारी. कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. स्वतंत्र निधी मात्र सोबत आला नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आधीच्याच अधिकाऱ्यांवर हा अतिरिक्त कार्यभार पडला.

६/ अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने हिंसेविरुद्धच्या तरतुदी आणि राज्यांना द्यावयाची अनुदाने एकत्रच आणली होती. भारतात पैसा मागून आला.

७/ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्याच ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने पीडितांच्या अर्थसाहाय्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. १ एप्रिल २०१५ पासून निर्भया निधीतून ‘सखी वन स्टॉप सेंटर’ योजना आली: उपचार, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छताखाली. खर्च केंद्राचा, देखरेख जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची.

८/ योजनेचे माप होते जिल्ह्याला एक केंद्र, रुग्णालयात किंवा त्याच्या जवळ. म्हणजे बहुधा जिल्ह्याच्या शहरात. किनवट ते नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर आहे. एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि काखेतले मूल हा हिशेब अनुदानाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

९/ १९८३ ने गुन्हा मान्य केला, २००५ ने हक्क दिला, २०१३ ने पैसा दिला. जिल्हा ते तालुका ही शेवटची वाट अजूनही बव्हंशी त्या स्त्रीलाच चालावी लागते.