गझनीतला विद्यार्थी

कवितावाचनासाठी एखाद्या गावी गेलो की कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी जवळ येतं, माझा हात हातात घेतं आणि मोठ्या प्रेमानं विचारतं, "तुम्ही इतकं चांगलं मराठी कुठे शिकलात हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आमच्या घरात दखनी बोलायचे हे खरं, पण उंबरा ओलांडला की मराठीच होती. तरुणपणी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मला हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवतो. त्यालाही नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. फरक इतकाच की तो खरोखरच परका होता.

त्या माणसाचं नाव अल्-बेरुनी. शाळेच्या इतिहासात तो एका ओळीत येऊन जातो : गझनीच्या महमुदाबरोबर आलेला विद्वान. परीक्षेत 'जोड्या लावा'मध्ये त्याच्यासमोर 'किताब-उल-हिंद' लिहिलं की एक गुण मिळायचा. बी.ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात त्या किताबाचा इंग्रजी अनुवाद हाती लागला. एडवर्ड साखाऊ नावाच्या जर्मन पंडितानं १८८८ मध्ये केलेला. वाचायला घेतला तो इतिहासासाठी. पण मला त्यात सापडला तो परक्या मुलखात राहून अभ्यास करणारा एक माणूस. त्याच्या रोजच्या अडचणी, त्याचे खर्च, त्याची चिडचिड, त्याचा अहंकारसुद्धा. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

अल्-बेरुनीचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिज्ममधल्या काथ गावचा. आज हा प्रदेश उझबेकिस्तानात येतो. १०१७ मध्ये महमुदानं ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या विद्वानांबरोबर यालाही गझनीला नेलं. तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस. त्याला धड कैदी म्हणता येत नाही, पाहुणा तर नाहीच. किताबात एका ठिकाणी तो सांगतो, की मनासारखं जाण्यायेण्याचं स्वातंत्र्य देवानं आपल्याला कधी दिलं नाही, आणि हवी तशी व्यवस्था लावण्याइतकी सत्ताही दिली नाही. तक्रारीचा सूर फारसा नाही, पण ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं. बाहेरदेशी शिकायला जाणारा आजचा मुलगा घरी फोन करतो, सुटीत परत येतो. याला परतीची वाट आपल्या हातात नव्हती.

मग त्यानं काय केलं? तर कामाला लागला. १०१८ च्या ऑक्टोबरात तो काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होता. मन अत्यंत अस्वस्थ. जवळ उपकरण नाही, तयार करायला साहित्य नाही. त्यानं हिशेबाची पाटी उलटी केली, मागच्या बाजूवर वर्तुळाचा तुकडा आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. त्या गावाचं अक्षांश त्याला हवं होतं. आपण कुठे येऊन पडलो आहोत हे ज्याला कळत नाही असा माणूस घाबरतो. यानं ते मोजूनच घेतलं.

पुढे हिंदुस्थानच्या वाटेवरच्या गावांची अक्षांशं त्यानं अशीच स्वतः मोजली. पेशावर, झेलम, सियालकोट, लाहोर, मुलतान ही नावं त्या यादीत आहेत. मिठाच्या डोंगररांगेतल्या नंदना किल्ल्यावर त्यानं डोंगराची उंची आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसतं तो कोन, एवढ्यावरून अख्ख्या पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचं उत्तर आजच्या आकड्याच्या बरंच जवळ येतं. आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की या ठिकाणांपलीकडे मी त्या देशात गेलेलो नाही.

म्हणजे आपल्या मुलखात तो कधी आला नाही. तरी आपला मुलूख त्याच्या वहीत आहे! धारपासून दक्षिणेला निघालं की कोणता टप्पा किती फरसखांवर, हे ऐकून ऐकून त्यानं लिहून ठेवलं. त्यात 'महरट्टदेश' येतो. तिथून पंचवीस फरसखांवर कोकण, आणि त्याची समुद्रकाठची राजधानी 'ताना'. म्हणजे आपलं ठाणं. लोकलमधून ठाणं गेलं की मला हटकून वाटतं, कुणीतरी व्यापाऱ्यानं त्याला हे नाव सांगितलं असेल, त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली असेल.

दोनदा विचारण्याची गरज त्याला खरोखरच होती, कारण भाषा! तो संस्कृत शिकू लागला तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं. एका वस्तूला दहा नावं, आणि एका नावाच्या दहा वस्तू. संदर्भ कळल्याशिवाय अर्थ लागत नाही, असं तो वैतागून लिहितो. काही अक्षरं जिभेला वळत नाहीत, कानाला वेगळी ऐकू येत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीलाच दोन-दोन, तीन-तीन व्यंजनं एकत्र येतात त्यांचं काय करायचं? पंडिताच्या तोंडून ऐकलेला शब्द तो जिवापाड काळजी घेऊन अरबी लिपीत उतरवायचा. मग तोच शब्द पंडिताला वाचून दाखवला, की पंडिताला तो ओळखू यायचा नाही! हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. ती शेवटपर्यंत 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणाली. जोडाक्षरांच्या आधी तिला पाऊल टेकायला एक पायरी लागायची.

पुस्तकं मिळवणं तर त्याहून अवघड. जिथे जिथे संस्कृत ग्रंथ सापडतील तिथून ते आणवण्यात आणि ते समजावणारे पंडित लांबून बोलावण्यात त्यानं कष्ट पाहिले नाहीत, पैसा पाहिला नाही. हाती आलेल्या प्रतीत चुका. नकलणारे निष्काळजी; एक-दोन नकला झाल्या की ग्रंथ ओळखू येत नाही, अशी त्याची तक्रार आहे. शिवाय सगळं श्लोकात बांधलेलं. पाठ करायला सोपं, पण छंदासाठी शब्दांची ओढाताण होते आणि शास्त्राचा अर्थ दुरावतो, हे त्याचं म्हणणं कवी असूनही मला मान्य करावं लागतं.

पंडितांपुढे तो आधी शिष्य म्हणून बसला. खगोलशास्त्रात मुरलेला माणूस; पण त्यांची पद्धत ठाऊक नाही म्हणून विद्यार्थी झाला. थोडं समजू लागल्यावर तो गणिताची कारणं सांगू लागला, चुका दाखवू लागला. तेव्हा ते चकित होऊन त्याच्याभोवती जमले आणि विचारू लागले : तुझा हिंदू गुरू कोण? कुठल्या आचार्याकडून हे शिकलास? काहींना तो जादूगार वाटला. आपल्या थोरांशी बोलताना ते त्याला समुद्राची उपमा देऊ लागले. हे सगळं तो जरा फुशारकीनं सांगतो. असो. विद्वानाला तेवढी मुभा द्यावी!

मला सगळ्यात आवडतात ती त्याची साधीसुधी निरीक्षणं. दक्षिणेकडे ताडपत्रावर लिहितात आणि मधोमध भोक पाडून दोरी ओवतात. उत्तरेला भूर्जाची साल तेल लावून, घासून गुळगुळीत करतात. पानांवर आकडे घालतात, कापडात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये बांधतात. त्याला म्हणतात 'पुथी'. आपली पोथी! शाळेतली मुलं काळ्या पाटीवर पांढऱ्यानं लिहितात, तेही डावीकडून उजवीकडे. ग्रंथाच्या आरंभी हे लोक ओम् लिहितात, जसं आपण अल्लाचं नाव घेतो. घरात शिरताना विचारत नाहीत, पण निघताना परवानगी घेतात. आपल्याकडे 'येऊ का?' असं निघतानाच म्हणतात, हे त्याला कुणी समजावलं असतं तर तो नक्की हसला असता. आणि हो, अडीअडचणीला हे लोक बायकांचा सल्ला घेतात, हेही त्यानं नोंदवलंय.

पण मित्रहो, इथवर सांगून थांबलो तर ती गोडगोड गोष्ट होईल, आणि खोटी होईल.

तो लिहितो की हिंदूंची मुलं मुसलमान मुलखात नवी नवी आली की मालकापुढे पादत्राणं ठेवताना उजव्या पायाला डावं आणि डाव्याला उजवं ठेवतात. कपड्याची घडी आतली बाजू बाहेर काढून घालतात, गालिचा उलटा पसरतात. अल्-बेरुनी याला त्यांचा जन्मजात उफराटेपणा म्हणतो. लगेच पुढे, जुने अरबही काही कमी विचित्र नव्हते, अशी पुस्तीही जोडतो. पण मला ती मुलं दिसतात. ती गझनीला कशानं आली असतील? सहलीला तर नव्हे. मोहिमेनंतर धरून आणलेल्यांमध्ये त्यांच्यातली किती होती, हे तो सांगत नाही. आईबापापासून तुटलेल्या, भाषा न कळणाऱ्या पोराचे हात गोंधळतील नाही तर काय? भूर्जपत्राच्या घडीपर्यंत बारीक पाहणारी नजर इथे कमी पडली. स्वतः ओढून आणलेला असूनही कमी पडली.

आणि सोमनाथ. १०२६ मध्ये महमुदानं ते देऊळ फोडलं. लिंगाचा वरचा भाग फोडून उरलेला गझनीला नेला. त्यातला एक तुकडा घोड्यांच्या मैदानात पडला होता. दुसरा मशिदीच्या दाराशी टाकलेला, लोक त्याला पाय पुसत. हे सांगणारा अल्-बेरुनीच आहे. टीका नाही, शाबासकी नाही, फक्त नोंद. हे पान वाचताना मला, एका मुसलमानाला, अवघडल्यासारखं होतं; ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच गझनीत हा माणूस पतंजलीचं योगशास्त्र अरबीत उतरवत होता. सांख्याचा ग्रंथही त्यानं उतरवला. उलट दिशेनं युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत बसवायची खटपट चालू होती. एकाच गावात हे दोन्ही चाललेलं.

सुलतानाविषयी तो काय म्हणतो? महमुदाचे पराक्रम अद्भुत होते, असं म्हणतो. आणि त्याच दमात सांगतो की त्यानं त्या देशाची भरभराट धुळीला मिळवली, लोक धुळीच्या कणांसारखे विखुरले, म्हणून त्यांच्या मनात आपल्याविषयी तिटकारा आहे. त्यांच्या विद्या आपला हात पोचणार नाही अशा जागी, काश्मीर, काशीकडे निघून गेल्या. हा ग्रंथ १०३० च्या सुमारास पुरा झाला. महमूद त्याच वर्षी वारला, पण गादीवर त्याचंच घराणं होतं.

आज कुणी महमूद दाखवून अल्-बेरुनी झाकतं, कुणी अल्-बेरुनी पुढे करून महमूद झाकतं. माझ्यासमोर दोन्ही झालेलं आहे, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहून. मला वाटतं त्या ग्रंथाचा अपमान दोघेही करतात. दुसऱ्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच तोंडून, त्यांना पटेल असं मांडावं, मग हवं तर वाद घालावा, ही शिस्त त्या माणसानं जवळजवळ पाळली. जिथे मोडली तिथेही मजकूर आपल्यासमोर ठेवून गेला, म्हणून तर आज आपण त्याची चूक दाखवू शकतो.

नंतरचे चरित्रकार सांगतात की त्याच्या हातातून लेखणी वर्षात फक्त दोन दिवस सुटायची, नौरोज आणि मेहेरगानला. त्या दोन दिवसांत तो अन्नवस्त्राची बेगमी करायचा. ऐंशीच्या घरात असताना त्यानं औषधींवर ग्रंथ लिहायला घेतला. त्यात तो म्हणतो की आपल्या मातृभाषेत शास्त्र लिहिणं म्हणजे छपराच्या पन्हळीवर उंट. अरबी आणि फारसी या दोन्हींत आपण पाहुणे. ज्या भाषेनं त्याला अमर केलं तिच्यातही तो स्वतःला पाहुणाच समजला. मराठी माझ्या घरची की दारची, हा हिशेब मी त्या दिवशी सोडून दिला.

त्याच्या मृत्यूची एक गोष्ट आहे. मरणशय्येवर असताना एक कायदेपंडित भेटायला आला. त्याला यानं वारसाहक्काचा एक जुना अडलेला प्रश्न विचारला. पंडित म्हणाला, या अवस्थेत? तो उत्तरला की न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं. पंडितानं समजावलं, यानं ते उजळणी करून पक्कं केलं. पंडित बाहेर पडला आणि रस्त्यावर असतानाच आतून रडण्याचा आवाज आला.

परवा पुन्हा एका गावात तोच प्रश्न आला. तुम्ही मराठी कुठे शिकलात? मी म्हटलं, शाळेत, काळ्या पाटीवर. अजून शिकतोय.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)