करार, उचल आणि चॉकलेट

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. समुद्रापलीकडचा गुलाम आणि आपल्या वेशीबाहेरचा शूद्रातिशूद्र यांचे नाते ज्या शहरात प्रथम ओळखले गेले, त्या शहरात आज चॉकलेटविषयी लिहिणे मला अस्थानी वाटत नाही.

पोर्तुगीज वसाहतींत गुलामगिरी १८७० च्या दशकातच कायद्याने संपली होती. कागदावर. अंगोलातून माणसे साओ टोमे आणि प्रिन्सिप या बेटांवर कोकोच्या मळ्यांत नेली जात, ती पाच वर्षांच्या ‘करारा’वर. करार संपून परतलेला माणूस मात्र क्वचितच कोणी पाहिला होता. हा कोको बर्मिंगहॅमच्या कॅडबरी कंपनीकडे जाई. मालक क्वेकर पंथाचे, म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीच्या परंपरेतले. त्यांच्या कानावर ही हकिकत १९०१ साली आली. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने प्रत्यक्ष प्रवास करून १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले. चौकशी, पत्रव्यवहार, पुन्हा चौकशी असे करीत कंपनीने खरेदी थांबवली १९०९ साली! याच सुमारास ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने कंपनीच्या दुटप्पीपणावर बोट ठेवले. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा केला आणि जिंकलाही. ज्यूरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. धर्मशील भांडवलदाराच्या अब्रूचे इतके अचूक मोजमाप क्वचितच झाले असेल.

बहिष्काराने खरेदी हलली. ती गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे गेली. पुढे २००१ साली मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी कोकोच्या शेतीतील बालमजुरीची सर्वांत वाईट रूपे २००५ पर्यंत संपविण्याचे मान्य केले. मुदती लांबत गेल्या. शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०२० साली दिलेला आकडा असा : आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामात आहेत. न्याय्य व्यापाराची खूण पाहून चॉकलेट घ्यावे, हा विचार यातून पुढे आला. त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु कॅडबरीने ब्रिटनमध्ये २००९ साली डेअरी मिल्कवर लावलेली ही खूण काही वर्षांनी बाजूला सारून स्वतःचीच योजना पुढे आणली, हेही विसरता येत नाही. आपला न्यायाधीश आपणच नेमायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ, तळेगावच्या बाजूला इंदुरीला आहे. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. दुधाच्या चॉकलेटचे वेष्टन उलटून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि बहुधा पहिले नाव साखरेचे असते. काही खुणा केवळ कोकोपुरत्या असतात. साखर कोणाच्या हाताने तोडलेल्या उसाची, हे वेष्टन सांगत नाही.

ते हात आपण ओळखतो. दिवाळी झाली की बीडकडची गावे रिकामी होतात. दलित, वंजारी, बंजारा, भटके-विमुक्त अशी भूमिहीन आणि कोरडवाहू माणसे फडावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने. एक दिवस पडले तर खाडा, खाड्याचा दंड, आणि हंगामाअखेर फिटली नाही ती उचल पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर. पाळीसुद्धा खाडा ठरते, तेव्हा बाई गर्भाशयच काढून टाकते. शासनाच्या समितीपुढे २०१९ साली आलेले आकडे आहेत : बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. उचलीच्या बदल्यात सक्तीने घेतलेल्या श्रमाला १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. मग साओ टोमेचा करार आणि मराठवाड्याची उचल यांत फरक कोणता?

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०२४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखरेचा माग काढीत याच फडांपर्यंत पोचून लिहिले, तेव्हा पुण्यात थोडी खळबळ उडाली. पुण्याला हे ठाऊक नव्हते काय? साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद भूषविणारे धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे. त्या प्रयोगाची थोरवी मी नाकारीत नाही. सावकारापुढे वाकलेला शेतकरी त्याने ताठ केला. पण सहकारात भाग घ्यायला आधी ऊस लागतो आणि उसाला जमीन. ज्याच्याकडे कोयताच आहे तो सभासद कसा होणार? तो कारखान्याच्या नोकरांच्या यादीतही नाही, कारण त्याला आणणारा मुकादम मधे उभा आहे. बर्मिंगहॅमलाही हेच सोयीचे होते : मजूर मळेवाल्यांचे, आम्ही फक्त कोको घेतो.

वर्गात हा इतिहास शिकवताना मी मुलांना चॉकलेटची वेष्टने आणायला सांगितली. आफ्रिकेच्या नकाशावर सर्वांनी घाना शोधला. मागच्या बाकावरचा केज तालुक्यातला एक मुलगा मात्र नकाशाकडे न येता वेष्टनावरचा पहिला शब्द वाचत राहिला. त्याचे आईवडील तेव्हा फडावर होते. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, ह्याच्यावर आमच्यासाठी कुठली खूण असते का?”