भारत जोडो सायकल यात्रा
वरोड्याजवळील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे (1914–2008) यांनी काढलेली कन्याकुमारी ते काश्मीर सामूहिक सायकल यात्रा. पंजाबातला हिंसाचार आणि 1984 च्या शीखविरोधी दंगली ही तिची पार्श्वभूमी. डिसेंबर 1985 मध्ये शंभरावर तरुण-तरुणी निघाले. वयोमर्यादा 35 वर्षे. अंतर सुमारे 5,000 किमी. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत राहिले, हे यात्रेचे खरे नवल. मदतनिधीसाठीच्या सायकलफेऱ्यांत स्वार आपल्या दौडीवर देणग्या मिळवतो. या यात्रेचे उद्दिष्ट मात्र निधी नव्हे, राष्ट्रीय एकात्मता हे होते. बाबांनीच तरुणांसाठी सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीशी तिचे नाते उघड आहे. 1988 मध्ये इटानगर ते ओखा ही दुसरी, अधिक लांबीची यात्रा निघाली.